दहा मिनिटांचं इंग्लिश

बँकेत अख्खी नोकरी काढली, पण माझ्या इंग्लिशला कुणी नाव ठेवल्याचं मला आठवत नाही. हेड ऑफिसला पत्र जायचं असलं की साहेब म्हणायचे, विद्याधरला बोलवा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते ह्या ताठ्यापायीच झालं.

रिटायर झाल्यावर आम्ही दोघं वेलचेरीला मुलाच्या, हेरंबच्या फ्लॅटवर आलो. तो दिवसभर ऑफिसात. इथली तमिळ मला येत नाही, वॉचमनशीसुद्धा हातवारे करून बोलायचं. अशात एका रविवारी खालच्या मजल्यावरची जयंती वर आली. ती तंजावरची मराठी. तिच्या घराण्याला तिकडं जाऊन तीनशे वर्षं झाली असतील, तरी घरात मराठीच. पण त्यात निम्मं तमिळ आणि उरलेलं जुन्या पोथीतलं. 'मला'ला ती 'मज' म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू.

जयंती अड्यारच्या एका हॉस्पिटलात कामाला आहे. ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे धुऊन, कापडात बांधून, वाफेच्या मोठ्या यंत्रात निर्जंतुक करायचे, हे तिचं अकरा वर्षांचं काम. त्या विभागाच्या सुपरवायझरची जागा निघाली होती. बाहेरून तपासणीला माणसं येतात, त्यांना सगळं समजावून सांगावं लागतं, म्हणून उमेदवारानं डॉक्टरांसमोर दहा मिनिटं इंग्लिशमध्ये बोलून दाखवायचं अशी अट. मागच्या खेपेला तिनंच शिकवलेली एक पोरगी इंग्लिशच्या जोरावर वर गेली. जयंती तमिळ माध्यमातली, दहावी झालेली. पुढच्या वर्षी पंचेचाळीस पूर्ण, मग अर्जच करता येणार नाही. एवढं भाषण लिहून द्या मामा, असं ती म्हणाली.

मला काय, आयतं कामच मिळालं. त्याच संध्याकाळी चार पानं लिहून काढली. सुरुवातच आदरणीय मान्यवरांना वंदन करून. मग स्वच्छतेचं माहात्म्य, संस्थेची थोर परंपरा, काही म्हणजे काही सोडलं नाही. जयंतीला म्हटलं, पाठ कर. पाठांतराला ती पक्की निघाली. त्यांच्या घरी शनिवारी स्तोत्र म्हणतात, आणि मध्ये कुणी बोललं, खंड पडला, की पुन्हा पहिल्या ओळीपासून. अर्धवट म्हटलेलं देवाला पोचत नाही म्हणे. तशीच ती माझी पानं म्हणायला लागली. तीन आठवड्यांत एक शब्द हलेना. मी फक्त उच्चार सुधारायचो. विद्युलता, माझी बायको, एकदा म्हणाली, अहो, तिला ह्यातलं कळतंय का काही? मी तिला गप्प बसवलं.

मंगळवारी तिचं बोलणं होतं. मी पेढे गृहीत धरून बसलो होतो. संध्याकाळी ती आली ती दारातच उभी राहून सांगायला लागली. दुसरं वाक्य संपतं न संपतं तोच मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, वस्तू निर्जंतुक झाली हे तुम्हाला कळतं कसं? जयंती थांबली, आणि पुन्हा आदरणीय मान्यवरांपासून सुरू झाली. बाईंनी पुन्हा तेच विचारलं. ती पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला मागं कुणीतरी हसलं. बाईंनी त्याला नजरेनंच गप्प केलं आणि हिला सांगितलं, शुक्रवारी या, पाठ न करता या. पण त्यानंतर संधी नाही.

माझं डोकंच फिरलं. आधी त्या बाईंवर. माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायची ही कुठली रीत? मग जयंतीवर. तीन आठवडे घसा फोडला तो ह्यासाठी का, एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर येऊ नये तुला, असं वाट्टेल ते बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"उत्तर मज ठाऊक होतें, मामा," ती म्हणाली. "रोज तेंच करतें मी. तुमच्या पानांत नव्हतें. तुम्ही मज कधी विचारलेंच नाहीं."

तीन आठवडे ही बाई माझ्यासमोर बसत होती आणि ती दिवसभर काय करते हे मी एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली, चांगलीच वाटली.

बुधवार, गुरुवार मी नुसते प्रश्न विचारले. ती तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये सांगायची, अडली की तमिळ शब्द टाकून पुढं जायची. चूक दिसली की माझी जीभ वळवळायची, पण विद्युलता डोळे वटारून समोरच बसलेली. तेव्हा कुठं मला कळलं ते असं. गाठोड्यावर एक पट्टी चिकटवतात. वाफ लागली की तिच्यावरच्या रेघा काळ्या पडतात. पण ती झाली बाहेरची गोष्ट. म्हणून प्रत्येक खेपेला एक गाठोडं नुसतं तपासायला घालतात, त्याच्या पोटात दुसरी पट्टी असते. आतली काळी पडली नाही तर बाहेरची कितीही काळी होवो, सगळी गाठोडी सोडायची, सगळं पुन्हा धुवायचं, पुन्हा बांधायचं. मी विचारलं, आणि वर सर्जन खोळंबलाय, आरडाओरडा करतोय, तर?

"शाउट, सर," ती शांतपणे म्हणाली. "आय नॉट गिव्ह."

चार पानांत मी असं एक वाक्य लिहिलं नव्हतं.

शुक्रवारी मी तिच्याबरोबर गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसलो. दार नीट लागलेलं नव्हतं. आत प्रश्नावर प्रश्न चालले होते. तिचा आवाज अडखळत होता, पण मागं जात नव्हता. एकदा सगळे हसले आणि त्यात तीही हसली. अर्ध्या तासानं डॉक्टरीणबाई स्वतः तिच्याबरोबर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, सोमवारपासून विभाग तुमचा. जयंतीनं डोळ्यांना पदर लावला आणि, हे माझे मामा, अशी माझी ओळख करून दिली. बाईंनी हात पुढं केला. फार सुंदर उत्तरं दिली हिनं, त्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, तुम्हीच तयार करून घेतलीत ना?

माझी पानं बाजूला पडली तेव्हाच तिला बोलता आलं, हे सांगायला हवं होतं. उत्तरं सगळी तिची होती. वाक्य मनात जुळलंसुद्धा होतं, साधं, चार शब्दांचं. जयंती शेजारी उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"येस, मॅडम," मी म्हणालो.

जयंतीनं माझी पिशवी उचलली आणि आम्ही शेअर ऑटो शोधायला निघालो. इंग्लिशमध्ये एकच खरं वाक्य बोलायचं होतं मला, आणि ते मला आलं नाही.