ऑक्टोबरचं पान

"हात लावू नकोस," ऑल्टन म्हणाला.

मी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. तो घसरत होता म्हणून खाली नुसता तळवा धरला होता. पण तीही मदतच झाली, आणि मदत हा शब्द त्या वर्षी आमच्या घरात चालत नव्हता.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला माझ्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला. बोलणं परत आलं, पायही काठीच्या आधाराने चालायला लागला, उजवा हात मात्र आलाच नाही. या माणसाने आयुष्यभर गावातल्या तळघरांत उतरून घरं तापवणाऱ्या तेलाच्या भट्ट्या दुरुस्त केल्या. हिवाळ्यात कुणाचं घर थंड पडलं की ऑल्टनला फोन. स्वतःचं म्हणून त्याने एकच काम केलं, फोटो काढले. घरामागची वाट, सफरचंदांची पडीक बाग आणि पुढचं तळं, एवढाच त्याचा मुलूख. त्यापलीकडे फोटोसाठी तो कधी गेला नाही आणि तेवढ्यात त्याचं कधी अडलंही नाही.

गावचं वाचनालय दरवर्षी कॅलेंडर काढतं. त्यातलं ऑक्टोबरचं पान ऑल्टनचं, हे इतकं ठरलेलं की कुणी विचारतही नसे. त्या सप्टेंबरात मात्र ग्रंथपाल मार्सिया ब्लूबेरीचा केक घेऊन आली आणि चाचरत म्हणाली, यंदा तुमचा जुनाच एखादा लावू या, तो रानहंसांचा सगळ्यांना आवडला होता.

"तुमची तब्येत अशी, ऑल्टन. सगळे समजून घेतील."

नेमकं हेच बोलायला नको होतं.

"कुणी समजून घेऊ नका," तो म्हणाला. "ऑक्टोबर संपायच्या आत फोटो देतो. नाही दिला तर पान दुसऱ्याला द्या. जुना लावायचा नाही."

मार्सिया गेली आणि तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॅमेऱ्याला शिव्या घालत बसला. चूक कॅमेऱ्याची नव्हती. जगातले झाडून सगळे कॅमेरे उजव्या हाताच्या माणसांसाठी केलेले. बटण उजवीकडे, पकडही उजवीकडे. दोन दिवस धुसफुसल्यावर त्याने कॅमेरा सरळ उलटा केला, डोकं खाली, पाय वर. पकड डाव्या हातात आली आणि बटण डाव्या अंगठ्याखाली. भिंगातून बघितलं तर जग होतं तसं सरळ. गड जिंकल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

मग रोज सकाळी तळं. शिकारीचा मोसम सुरू झालेला, चुकून गोळी लागू नये म्हणून दोघांच्या अंगात भडक नारिंगी जाकिटं. रस्त्यावरचं वाहन थांबवायला निघाल्यासारखे आम्ही पाखरांमागे जायचो. पहिल्या आठवड्यात त्याने स्वतःच्या बुटाचे, आभाळाचे आणि माझ्या पाठीचे फोटो काढले. माझ्या पाठीचा त्यातल्या त्यात बरा आला होता. एकदा तो चिखलात पडला आणि मला उठवू न देता कितीतरी वेळ धडपडून स्वतः उठला. मी बाजूला उभी राहून त्याच्यावर मनातल्या मनात चिडत होते, आणि त्याहून जास्त घाबरले होते. त्याला हे जमलं नाही तर तो पुन्हा घराबाहेर पडणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

महिना संपता संपता एका सकाळी दव गोठलं होतं. पाणी काचेसारखं निश्चल. पलीकडचा मेपल लालभडक पेटलेला, आणि त्याच्या पुढ्यात, दक्षिणेला जायचा राहिलेला एक राखी बगळा. ऑल्टनने काठी टाकली, बर्चच्या खोडाला पाठ लावली आणि कॅमेरा उलटा डोळ्याला लावला. कॅमेरा कलायला लागला. मी माझे दोन्ही हात खिशात कोंबून धरले. खूप वेळाने बटण वाजलं आणि बगळा उडाला.

हातातला कॅमेरा तसाच उलटा धरून त्याने मागच्या पडद्यावर फोटो पाहिला, मला दाखवला. पिसान् पीस दिसत होतं. मी रडले. तो म्हणाला, भूक लागली.

"आहे तसा पाठव. उजेड, रंग, कशालाही कुणी हात लावायचा नाही. मार्सियालाही सांग."

मी न उघडताच फोटो पाठवला आणि वर मार्सियाला तशी सक्त ताकीदही दिली.

डिसेंबरात बर्फ तुडवत मार्सिया स्वतः कॅलेंडर घेऊन आली. ऑल्टनने ऑक्टोबर उघडला. मी वाकून बघितलं. मेपल वरून खाली लोंबत होता. बगळा डोक्यावर उभा होता. कॅमेरा उलटा होता, तसा फोटोही उलटाच छापला गेला होता. पाणी इतकं शांत की छापखान्यात किंवा वाचनालयात कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. प्रतिबिंबालाच सगळे बगळा समजले होते. आमची तोंडं बघून मार्सियाने कॅलेंडर उलटं धरून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. सगळी कॅलेंडरं परत मागवते, पुन्हा छापून घेते, असं ती पुन्हापुन्हा म्हणायला लागली.

"मी हात लावू नका म्हणालो," ऑल्टन म्हणाला. "तुम्ही लावला नाहीत. कॉफी घेणार?"

ती गेल्यावर त्याने कॅलेंडर खिळ्याला लावलं आणि त्याविषयी पुन्हा एक शब्द काढला नाही. मी मात्र वर्षभर त्या पानाच्या धास्तीत होते. गाव हसेल, तोंडावर नाही तरी पाठीमागे, आणि ते त्याच्या कानावर येईल.

ऑक्टोबर उजाडला. पहिल्याच आठवड्यात पोस्टात जायचं निघालं. मी म्हटलं, मी एकटी जाऊन येते. ऑल्टन काठी घेऊन माझ्या आधी गाडीत बसला.

वाटेत पेट्रोलला थांबलो. गल्ल्यामागच्या भिंतीवर कॅलेंडर उलटं टांगलेलं होतं. बगळा पाण्यात नीट दोन पायांवर, मेपल आभाळाकडे, आणि तारखा डोक्यावर उभ्या. मला वाटलं, कुणाचा तरी धांदरटपणा. पण दाणावैरणीच्या दुकानातही तसंच.

पोस्टात कारकून डार्लीनच्या पाठीमागेही तेच.

"आज तारीख काय गं?" ऑल्टनने विचारलं.

डार्लीन वळली, कान खांद्याला लागेपर्यंत मान वाकडी केली आणि वाचायला लागली.

"नऊ," ती म्हणाली. मग जरा थांबून, "नाही, सहा."

ऑल्टनने काठी काउंटरला टेकवून ठेवली आणि डाव्या हाताने तिच्यापुढे टोपी काढली.