नितळ पाण्यातले मांगूर

दिवा गावच्या खाडीकडच्या पाड्यात खोड्या काढण्यात सुदेशचा हात धरणारा कोणी नव्हता. पण पन्नाशीला येऊन त्याच्या पोटात एक निखारा पडलेला. निखाऱ्याचं नाव यज्ञेश, धाकटा चुलतभाऊ.

कारण पाणी. पाड्यात नळ कोरडा आणि हंडे रिकामे, हे कायमचंच. यज्ञेशने पाड्यामागच्या बंद दगडखाणीतल्या तळ्याला पंप लावला आणि पाइप थेट पाड्यापर्यंत आणला. त्या खाणीत मागे कुणा ठेकेदाराने लांबच्या कुठल्याशा खाणीतला टाकाऊ दगड ओतलेला. सोन्यासारखा चमकायचा. पोरं खिशात घालून मिरवायची. आणि तळं? आरसा! ना शेवाळ, ना बेडूक. काठाला तेवढा गंजासारखा तांबूस पट्टा.

"जरा आंबट लागतंय रे," सुदेश एकदा बोट चाटून म्हणालेला.

"मिनरल हाय ते, दादा! लोक बाटलीतनं पितात."

झालं. पाडाभर यज्ञेश एके यज्ञेश. घरी बायकोसुद्धा तेच. "भावोजींनी पाणी आणलं," दक्षता म्हणाली. "तुम्ही आजवर काय आणलंत? पूजेला जाऊन दुसऱ्यांच्या चपला!"

"चपला बदललेल्या फक्त! गंमत होती ती!"

"हसलं कोण?"

वर पहिला हंडा दक्षतावहिनीच भरणार, असं यज्ञेशने जाहीर करून टाकलेलं. सुदेशचा नुसता जळून कोळसा झाला.

उद्घाटनाच्या दिवशी उजाडताच तो नाल्यावर गेला आणि बादलीभर मांगूर धरून आणले. मांगूर म्हणजे गटारातही मजेत राहणारी माशाची जात. तळाचा गाळ असा ढवळतील की पाहुण्यांसमोर नळातून चहा येईल, आणि यज्ञेशचं तोंड बघण्यासारखं होईल! सुदेशने सगळे तळ्यात सोडले. एकच बादलीत ठेवला, संध्याकाळच्या कालवणाला.

पूजेआधी तो गालातल्या गालात हसत तळ्यावर डोकावला, आणि हसू तिथेच गोठलं. पाणी तस्संच नितळ होतं. वर सगळे मांगूर उताणे तरंगत होते, अंगावर पांढरी साय धरून. जी जात गटारात मरत नाही, ती इथे सकाळभरही टिकली नव्हती.

खाली पाड्यात ढोल वाजायला लागला.

सांगावं तर काय सांगावं? मासे मी सोडले? लोक म्हणतील, जळून यानेच विष कालवलं. गप्प बसावं तर पहिली ओंजळ दक्षताची. सुदेश चप्पल टाकून धावत सुटला.

दक्षताने ओंजळ ओठाला लावायला आणि सुदेशने तिचा हात झटकून हंडा लाथाडायला एकच गाठ पडली.

"जळकुकडा मेला!" आवडाबाई ओरडली. ती यज्ञेशची आई. "माझ्या पोराचं बघवत नाय याला!"

"नाय बघवत, काकी! खरंच नाय बघवत!" सुदेश धापा टाकत म्हणाला. "पण हे तरी बघा!"

त्याने घरून बादली आणली आणि आतला धडधाकट मांगूर सगळ्यांना दाखवला. मग नळाच्या पाण्याने घमेलं भरून त्यात सोडला. मांगूर भाजल्यासारखा उसळला, घमेल्याबाहेर पडला. परत टाकला, परत उसळला. मग अंगावर तीच पांढरी साय धरून तो हळूहळू कलंडला.

ढोल थांबलेला. यज्ञेश गेला आणि त्याने पंप बंद केला.

पुढे तपासणीत निघालं की तो चमकणारा दगड लोखंड आणि गंधकाचा. पाऊस आणि हवा लागली की त्यातून तेजाब उतरायचं, ते तळ्यात जमलेलं. नितळ होतं ते त्यामुळेच, जगायला आत काही उरलंच नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी सुदेश ऐटीत ओट्यावर बसला. आता आपलं नाव होणार! हंडे घेऊन बायका टँकरकडे चाललेल्या.

"यज्ञेशभाऊ म्हणजे देवमाणूस," एक म्हणाली. "एवढ्या हौसेने बसवलेला पंप, क्षणात बंद केला बघ!"

"नायतर काय!" दुसरी म्हणाली.

सुदेशने आशेने दक्षताकडे बघितलं. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. नुसता भात.

"कालवण?"

"मासा कुणी मारला?" ती म्हणाली. मग जाता जाता तिने त्याच्या डोक्यावर हलकीच टपली मारली.

निखारा तसाच होता, पण त्या टपलीवर सुदेशने भात मात्र चाटूनपुसून संपवला.