न लिंपलेली कणगी

कणगी जिथं ठेवायची तिथंच बसून विणायची, ही भागूबाईची चाळीस वर्षांची रीत. धान्य साठवायची ती छातीइतकी उंच, फुगल्या पोटाची टोपली एकदा भरली की जागची हलत नसे. म्हणून सुगी आली की भागूबाई तुरकाठ्यांचा भारा डोक्यावर घेऊन एकेका शेतकऱ्याच्या घरी जायची, माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात फतकल मारून बसायची आणि चार दिवसांत कणगी उभी करायची. कणगीच्या पोटावर ती तीन काड्यांची एक सुरेख वेणी फिरवायची. आईनं शिकवलेली. पण कणगी झाली रे झाली, की घरची बाई ती शेणामातीनं आतबाहेर लिंपून टाकायची. पंचक्रोशीत तिच्या दोनशे कणग्या असतील. वेणी मात्र कुणी निरखून पाहिली नव्हती.

आणि एकाहत्तर सालच्या पौषात चित्रकलेचे गोरक्षनाथ मास्तर सुप्याजवळच्या तिच्या वस्तीवर आले. म्हणाले, "मावशी, नगरला डिझाईनचा मेळा भरतोय. दहा-बारा देशांची माणसं येणार. तुमची कणगी मधोमध मांडायचीय. आणि एक सांगतो, लिंपू नका. वीण दिसू द्या."

वीण दिसू द्या! हे वाक्य भागूबाईला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिनं ओल्या, लवचिक काड्या वेचून आणल्या. ऊन लागून त्या कडक होऊ नयेत म्हणून घरातच बसली आणि एकीच्या जागी तीन वेण्या घातल्या. नवरा रखमाजी येता-जाता म्हणायचा, "आगं, जेवायला तरी ऊठ."

महिन्यानं मास्तर टेम्पो घेऊन आले. सोबत डेन्मार्कच्या एक पाहुण्या बाई होत्या, त्या स्वतः विणकाम करणाऱ्या. रखमाजीनं आणि टेम्पोवाल्यानं कणगी उचलली, दारापर्यंत आणली आणि दोघंही थांबले. आडवी केली, तिरपी केली, उलटी केली. दोन हातांचं दार. कणगी त्याहून चांगली वीतभर रुंद.

भागूबाई मटकन खाली बसली. दोनशे कणग्या विणल्या, पण दाराबाहेर एकही काढायची वेळ आली नव्हती.

गंमत बघायला वस्ती गोळा झाली. मळ्यातली गोजरबाई पुढं होतीच. "भागे, घर बांधायच्या आधी कणगी इनली व्हती का गं?"

पाहुण्या बाईंना मास्तरांनी सगळं समजावलं, तशा त्या पोट धरून हसल्या आणि काहीतरी बोलल्या. मास्तर म्हणाले, "बाई म्हणतात, त्यांच्या वडलांनी तळघरात होडी बांधली होती. ती अजून तळघरातच आहे."

सगळे हसले. भागूबाईला मात्र रडू फुटायचं तेवढं राहिलं. हीही कणगी अंधारातच राहणार!

"वरचा भाग उसवून तिथं पुन्हा विणता येईल?" मास्तरांनी विचारलं.

"वाळल्यात काड्या. आता वाकवल्या तर मोडत्याल."

रखमाजीनं कोपऱ्यातली पहार उचलली. "मग भितच पाडतो."

"थांबा!" भागूबाई उठली. तिनं वर बघितलं. उसाच्या पाचटाचं छप्पर तिनंच दोऱ्यांनी शाकारलं होतं. "भित मोडली की मोडली. छप्पर बांधल्यालं हाय, ते सुटंल."

मग काय विचारता! चार गडी भिंतींवर चढले, गाठी सुटल्या, आणि पेंढ्यांसकट अख्खं छप्पर भिंतींबाहेर खाली उतरलं. भर दुपारचं ऊन थेट कणगीवर पडलं. सोनेरी काड्या, तीन वेण्या, कुठं जोड म्हणून दिसेना.

गोजरबाई पदर सावरत जवळ आली. एका वेणीवरून बोट फिरवत गेली, फेरा पुरा झाला तरी सुरुवात सापडली नाही. "आमच्या कणगीला बी हाय का गं आसं?"

"हाय की. एकच हाय, पर हाय."

"आन् मी बया तिला शेण फासलं!"

"एकदा न्हवं, दर वर्साला," भागूबाई म्हणाली, आणि आता ती सगळ्यांत मोठ्यानं हसली.

दोर लावून कणगी आभाळातून उचलावी तशी भिंतीवरून बाहेर आली. टेम्पोत ती डगमगू लागली, म्हणून भागूबाईच कणगीच्या आत उतरून उभी राहिली, काठाला दोन्ही हातांनी धरून. पाहुण्या बाई आणि मास्तर पुढं बसले. मागं रखमाजी ओरडला, "आगं, घर उघडं टाकून चाललीस व्हय?"

"चांदण्या मोजा आज!"

नगरच्या रस्त्याला लागल्यावर टेम्पोवाल्यानं वेग घेतला. भागूबाईनं टपावर थापा मारल्या.

"हळू चालव रं!"

"पडायची भीती वाटती का, मावशी?"

"भीती कसली? लोकान्ला बघू दे की!"