केशरी उजेडातले गाणे

हेमंतातली संध्याकाळ. वाईच्या घाटापाशी कृष्णेचे पाणी गर्द निळे होत चाललेले, आणि त्या निळाईवर मावळत्या उन्हाची एक तांबूस, थरथरती रेघ. देवळात आरती चालू होती. घंटा हलत होत्या. अवधूतराव सबनीसांना त्या नुसत्या हलताना दिसत होत्या.

त्यांच्या जगातून नाद कधीचा निघून गेला होता. नदी होती, खळखळ नव्हती. पिंपळ होता, सळसळ नव्हती. माणसांचे ओठ हलत, आणि त्या ओठांतून बाहेर पडे ती शांतता. शुभ्र, अथांग, निर्दय.

अशा वेळी ते पायरीवर बसून डोळे मिटत, आणि मिटल्या डोळ्यांपुढे ती उजळू लागे: त्यांच्या घरात आलेली पहिली आणि शेवटची उंची संगीतयंत्रणा.

ऐकण्याच्या नसा सुकत चालल्यात, उपाय नाही, असे डॉक्टरांनी सांगितले त्या दिवसाची गोष्ट. घरी आल्यावर त्यांच्या पत्नीने, कुमुदिनीने, पदराने कपाळ टिपले आणि म्हणाली, "वरचा मजला नको बांधायला."

"आणि मग?"

"ते पुण्याच्या दुकानात पाहून आला होतात ना, काचेच्या नळ्यांचं? महिनाभर दुसरं बोलणं नव्हतं तुमचं. मजल्याच्या पैशांत ते आणू या."

"वेड लागलंय का तुला, कुमुद? बहिऱ्याच्या घरी?"

"अजून झाला नाहीत," ती म्हणाली. बोलता बोलता तिचा आवाज चिरला. तेवढे बारीक चिरणे तेव्हा त्यांना ऐकू आले.

यंत्रणा आली. शिसवी अंगाचे, पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर. संथ, गंभीर फिरणारी रेकॉर्डची थाळी. आणि मधोमध तो अ‍ॅम्प्लिफायर, ज्याच्या काचेच्या नळ्यांतून हळूहळू केशरी उजेड उमले, निरांजने लावल्यासारखा.

पहिल्या संध्याकाळी मारवा लावला होता. आधी तानपुरा आला, धुक्यासारखा, भिंतींना विरघळवीत. आणि मग, सुराच्याही आधी, गाणाऱ्या बाईंनी घेतलेला श्वास. इतकी वर्षे ऐकलेली तीच रेकॉर्ड. पण तो श्वास त्यांना कधी भेटलाच नव्हता. अवधूतरावांचे डोळे भरून आले. कुमुदिनी जमिनीवर बसली होती, आणि ती गाण्याकडे नव्हे, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

त्यानंतरचे दिवस सुरांनी न्हालेले, सुरांनी माखलेले. आणि एकेक करून निसटतही चाललेले. आधी झांजेची किणकिण गेली. मग सारंगीची वरची, रेशमी धार. मग स्वयंपाकघरातून येणारी कुमुदिनीच्या बांगड्यांची चाहूल. शेवटी तबल्याचा खर्ज तेवढा उरला, दूरच्या डोंगरापलीकडल्या मेघासारखा. आणि एका सकाळी तोही विरून गेला.

त्यांनी तिला सांगितले नाही. तिने इतक्या हौसेने आणलेले. तिला कसे सांगणार? ती रेकॉर्ड लावी, ते डोळे मिटून मान डोलावीत. सम कुठे येते हे पाठ होते. गुडघ्यावर बोटे ताल धरीत, ओठांवर दाद उमटे.

एका संध्याकाळी असेच ते बसले होते. मान डोलत होती, ताल चालू होता. समेवर त्यांनी "वा!" म्हटले आणि डोळे उघडले.

खोलीत अंधार होता. वीज गेली होती. केशरी नळ्या विझलेल्या, थाळी थांबलेली. आणि दारात मेणबत्ती घेऊन कुमुदिनी उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. मेण वितळून तिच्या बोटांवर ओघळत होते, आणि तिला ते कळत नव्हते.

"कधीपासून?" तिचे ओठ म्हणाले.

अवधूतरावांनी मान खाली घातली.

ती रागावली नाही. मेणबत्ती खाली ठेवून ती त्यांच्या अगदी जवळ येऊन बसली. त्यांचा उजवा हात तिने उचलला आणि बोटे आपल्या गळ्यावर टेकवली. आणि ती गाऊ लागली. सगळ्या आयुष्यात कुणासमोर कधी न गायलेली ती. मऊ, उबदार त्वचेखाली काहीतरी जागे झाले, थरथरले, चढत गेले, वळले, हुंदक्यापाशी अडखळले, आणि पुन्हा चढले.

पुढे कितीक संध्याकाळी ती तशीच गायली. मग तिला ताप आला, तो उतरलाच नाही. ती गेल्यावर अवधूतरावांनी सगळी यंत्रणा भाचीकडे पाठवून दिली. स्पीकर हलवले तेव्हा भिंतीवर दोन उंच, फिकट चौकटी उरल्या. त्यांच्याकडे पाहून त्यांना काहीच वाटले नाही.

एकच गोष्ट आत सलत राहिली. ती काय गात होती, हे त्यांनी तिला कधी विचारले नाही. ओवी असेल, अंगाई असेल, मारवाही असेल. आता ते सांगणारे या पृथ्वीवर कुणी नाही.

काळोख दाटत गेला. पायरीवर बसलेल्या त्या वृद्धाने हळूच उजवा हात उचलला, आपल्याच गळ्यावर बोटे टेकवली, आणि ओठ उघडले. एक थरथर, एक ऊब, एक निनावी सूर, आणि भोवती वाहणारे रात्रीचे पाणी.