दस्त्याची लांबी

"डोळे मिटा," ओनुकी-सान म्हणाले. "आता रायफल खांद्याला लावा. गाल टेकवा. लावलीत? उघडा डोळे."

मेधाने डोळे उघडले. दुकानाच्या समोरच्या भिंतीवर एक पांढरा ठिपका रंगवलेला होता आणि दुर्बिणीत तो पूर्ण, गोल दिसायला हवा होता. तिला दिसली एक काळी कोर आणि कोरीच्या कडेला अर्धामुर्धा ठिपका. तिने कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने मान पुढे ताणली. ठिपका पूर्ण झाला.

"दाइजोबु," ती म्हणाली.

ठीक आहे, चालेल. जपानात आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने हा शब्द उचलला होता, कारण जन्मभर ती मराठीत तेच म्हणत आली होती. त्सुकुबातल्या क्वार्टरचा ओटा उंच निघाला तेव्हा तिने पायाखाली पाट घेतला. सायकलची सीट खाली येईना तेव्हा ती सतरा वर्षं चवड्यांवर सिग्नलला उभी राहिली. चार फूट अकरा इंचांच्या बाईला सगळं जग एक माप मोठंच मिळतं आणि मेधाने ते कधी कुरकुर न करता अंगाला बसवून घेतलं होतं.

ओनुकी-सान अर्धं पाऊल बाजूला सरकले. शिंप्यासारखा टेप गळ्यात घालून वावरणारा हा साठीचा दुकानदार गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे फारसा बघतच नसे. त्याची नजर मेधाच्या मानेवर होती.

कोपऱ्यातल्या खुर्चीत नेमोतो-सान बसले होते. दोन्ही तळवे गुडघ्यांवर, काठी भिंतीला टेकवलेली. मेधाच्या हातातली रायफल त्यांची होती, एकतीस वर्षं वापरलेली. अक्रोडाच्या दस्त्यावर जिथे त्यांचा गाल टेके तिथलं पॉलिश पार उडून गेलं होतं. गुरुवारी त्यांचा फोन आला होता, "शनिवारी ओनुकीकडे या. माझी रायफल तुम्हाला बसते का बघू." मेधाला वाटलं, म्हातारा आता नवीन घेणार असेल.

इथे रायफल अशी सहजासहजी मिळत नाही. दहा वर्षं साधी शॉटगन नीट वापरून दाखवावी लागते. मेधाची दहा वर्षं यंदा भरली होती. त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याशी रताळी धुऊन खोक्यांत भरण्याच्या शेडमध्ये ती अर्धवेळ कामाला लागली, तेव्हा रानडुकरं एकेका रात्रीत शेतच्या शेत उलथून टाकत होती. शेडचे मालक नेमोतो-सान एकदा चहा पिताना म्हणाले, आता बंदूक धरायला इथे तरुण माणूसच उरला नाही. ते गमतीत म्हणाले होते. मेधाने मनावर घेतलं. परवान्यासाठी पोलीस घरी येऊन नवरा-बायकोची भांडणं होतात का असं विचारून गेला, तेव्हा स्वानंद, तिचा नवरा, दिवसभर हसत होता. पुण्याच्या आईला, जिच्या घरी चातुर्मासात कांदा बंद असतो, मेधा रविवारी डोंगरात फिरायला जाते एवढंच ठाऊक होतं.

काउंटरवर आणखी दोन रायफली होत्या. एक मुद्दाम लहान चणीच्या माणसांसाठी केलेली, आखूड आणि पिसासारखी. तिच्याबद्दल ओनुकी-सानांनीच सांगून टाकलं, "हलकी, म्हणून दणका जास्त. वाहायला बरी, झाडायला वाईट." दुसरीचा गोळी भरायचा बोल्ट इतका पुढे होता की दर वेळी तो ओढायला दस्ता खांद्यावरून उतरवावा लागे. नेमोतो-सानांची रायफल वजनाला आणि तोलाला तिच्या हातात सुरेख बसत होती. फक्त लांब होती.

"दस्ता कापावा लागेल," ओनुकी-सान म्हणाले.

"नको," मेधा घाईने म्हणाली. "नेमोतो-सानांच्या रायफलला करवत लावायची? मी सवय करून घेईन."

आता मात्र ओनुकी-सानांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मेधाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दहा वर्षांपूर्वी तिने शॉटगन घेतली तेव्हा याच काउंटरवर, गळ्यात हाच टेप घालून ते हेच म्हणाले होते आणि तिनेही हेच उत्तर दिलं होतं. ते विसरले असतील अशी तिची वेडी आशा होती. टेप गळ्यात घालून फिरणारी माणसं मापं विसरत नाहीत.

तेव्हाचं कारण वेगळं होतं. स्वानंद म्हणाला होता, "कापलीस की संपलं. परत जाताना ती घेणार कोण?" दोन वर्षांत परत जायचं होतं ना! गेली सतरा वर्षं ती दोघं दोन वर्षांत परत जायची होती. टीव्हीचं खोकं अजून माळ्यावर होतं, सोफ्यावर चादर होती, भिंतीला खिळा नव्हता. या घरात येणारी प्रत्येक वस्तू पुढे दुसऱ्या कुणाला तरी द्यायची म्हणूनच येई, आणि म्हणून बंदूकही मेधाच्या मापाची झाली नाही. ती तिच्यामागच्या अनोळखी, उंच माणसाच्या मापाची राहिली.

उन्हाळ्यात, सरावाला, पातळ कपड्यांत, मान ताणून भागायचं. हिवाळ्यात जाड जाकीट आलं की तोच दस्ता आणखी दोन बोटं लांब व्हायचा. फेब्रुवारीत, हंगामाच्या शेवटच्या रविवारी, डुक्कर तिच्यापासून वीस पावलांवर आलं. आडोसा नव्हता, घाई नव्हती. नेमोतो-सानांनी नेमून दिलेल्या जागी ती उभी होती आणि ते बरोबर त्यांनी सांगितलेल्या वाटेने आलं. तिने बंदूक उचलली आणि दस्त्याची टाच जाकिटाच्या काखेत अडकली. गोळी डुकराच्या मागच्या पायात गेली.

जखमी जनावर तसंच सोडायचं नाही हा त्यांच्या शिकारी गटाचा नियम. नेमोतो-सान रक्ताच्या थेंबांवरून दाट बांबूत शिरले. मेधाने आधी त्यांची हाक ऐकली, मग नुसता बांबू मोडल्याचा आवाज. डुकराने सुळा मारला होता; नेमोतो-सानांच्या मांडीला सव्वीस टाके पडले.

हॉस्पिटलात सगळा गट पलंगाभोवती उभा होता. कुणी काही विचारायच्या आत नेमोतो-सानच म्हणाले, "जागा माझी चुकली. मेधा-सानना नेम धरायला वेळच मिळाला नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मेधा कमरेत वाकून पुन्हा पुन्हा माफी मागत राहिली. इथे माफी मागणं फार सोपं असतं, कशाबद्दल ते कुणी विचारत नाही. नंतर पंधरा दिवस ती रोज शिऱ्याचा डबा घेऊन जात होती.

"राहू दे, ओनुकी," कोपऱ्यातून नेमोतो-सान म्हणाले. "त्या म्हणतात तर बसत असेल. बंदूक कशी बसते ते ज्याचं त्याला कळतं." मग हसल्यासारखं करून म्हणाले, "माणसं कुठे उभी करायची ते मात्र मला कळेनासं झालंय. म्हणून परवा परवाना परत देऊन आलो."

मेधाने रायफल काउंटरवर ठेवली.

"परत?"

"हो. चाळीस वर्षं त्या डोंगरावर मी माणसं उभी केली. कुणाला ओरखडाही आला नाही. आता अंदाज चुकायला लागला, तर पुढचा टाका दुसऱ्या कुणाच्या अंगावर पडायचा. त्याआधी थांबलेलं बरं."

तेव्हा तिला उमगलं. दुकानात आल्यापासून त्यांनी स्वतःच्या रायफलला हात लावला नव्हता. मेधाला वाटत होतं, मनात राग असेल. पण परवाना नसलेल्या माणसाने बंदुकीला हात लावायचा नाही असा कायदा होता आणि नेमोतो-सान आयुष्यभर कायद्याने वागले होते. म्हणून तळवे गुडघ्यांवर होते.

ओनुकी-सान फडक्याने काउंटर पुसू लागले. काउंटर स्वच्छच होता. तिची बंदूक मुळातच लांब होती हे ते सांगणार नाहीत, हे मेधाला कळलं. ते कधीच सांगणार नव्हते. तिने आत्ता 'दाइजोबु' म्हटलं असतं तर रायफल तशीच तिच्या घरी गेली असती आणि म्हातारा काठी टेकत घरी गेला असता. तिला स्वतःची लाज वाटली.

"जागा बरोबर होती," ती म्हणाली.

नेमोतो-सानांनी मान वर केली.

"डुक्कर तुम्ही म्हणालात तिथूनच आलं. वेळही भरपूर होता. माझी बंदूक मला लांब होती. पहिल्या दिवसापासून लांब होती. ओनुकी-सान कापून देत होते, मीच नको म्हटलं. त्या दिवशी ती जाकिटात अडकली." तिचं जपानी मध्येच अडखळलं, क्रियापदं उलटीसुलटी झाली. "तुम्ही हॉस्पिटलात म्हणालात तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले."

नेमोतो-सानांनी भिंतीला टेकवलेली काठी ओढून गुडघ्यांमध्ये धरली.

"आठ महिने झाले," नेमोतो-सान म्हणाले.

"हो."

"तुम्ही रोज तो गोड पदार्थ आणत होतात."

"हो."

"मी बायकोला म्हणायचो, बघ, परक्या देशातली बाई किती माया करते." त्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "रोज झोपताना मी तो डोंगर डोळ्यांसमोर आणायचो. एकेक वाट. कुठे चुकलो ते सापडायचं नाही. मला वाटलं, आता आठवणसुद्धा दगा द्यायला लागली."

मेधाला रडू आलं, पण रडणं म्हणजे त्यांच्याकडून आणखी काहीतरी मागणं झालं असतं.

"परवाना पुन्हा मिळणार नाही का?" तिने विचारलं.

"शहात्तर वर्षांच्या लंगड्या माणसाला?" त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता आणि तेच तिला सोसवेना. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे पुटपुटले, "जागा बरोबर होती तर."

"बरोबर होती."

त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून उठला. काउंटरवरच्या रायफलकडे, गालाच्या त्या उडालेल्या पॉलिशकडे निघाला आणि अर्ध्यात थांबला. त्यांनी तो परत गुडघ्यावर ठेवला.

"ओनुकी," ते म्हणाले, "त्यांना हिवाळ्याचं जाकीट दे. आणि पेन्सिल काढ."

भिंतीवरचं जाड नारिंगी जाकीट मेधाने अंगात घातलं. बाह्या बोटांच्या पार खाली आल्या, त्या तिने दुमडल्या. ओनुकी-सानांनी तिचा कोपर काटकोनात वाकवला, रायफल तिच्या हातावर आडवी ठेवली, चापाशी तिचं बोट टेकवलं आणि कोपराच्या बेचक्यात मागे किती लाकूड उरतं ते पाहिलं. मग दस्त्यावर एक बारीक रेघ ओढली. एकतीस वर्षांचं अक्रोड होतं ते आणि मालक समोर बसलेला होता. रेघ ओढताना त्यांचा हात जरा जपून चालला.

"दोन सेंटिमीटर," ते म्हणाले. "चालेल ना?"

मेधाने ती रेघ कोपराच्या बेचक्यात धरून पाहिली. बोट अजून चापाला नीट पोचत नव्हतं, नख तेवढं लागत होतं. खांदा किंचित पुढे काढला असता तर पोचलं असतं. तिने खांदा जागच्या जागी ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "अजून कापावं लागेल."

ओनुकी-सानांनी नेमोतो-सानांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" नेमोतो-सान म्हणाले. "त्यांना विचार."

ओनुकी-सानांनी अंगठ्याने पहिली रेघ पुसली.

"सांगा," ते मेधाला म्हणाले आणि पेन्सिल टेकवून थांबले.