फुलटोच्याची ओळ

“फुलटोच्या, एक,” असं पुटपुटत सुब्रह्मण्यरावांनी वहीत आकडा मांडला आणि पेनाला टोपण लावलं.

बाकावर बसून कॉफी ओतणाऱ्या गोदाबाईंचा हात थांबला. फुलटोच्या त्यांना तरी ऐकू आला नव्हता. “कोठें?” त्यांनी घरच्या जुन्या वळणाच्या मराठीत नवऱ्याला विचारलं.

“अंब्यावर. आणखी कोठें? दर वर्षी तेथेंच अस्तो की.”

गोदाबाईंनी मान वर केली. बागेतला हा आंबा त्यांच्या चांगल्याच ओळखीचा. त्याच्या एका बाजूच्या फांद्यांवर बांडगूळ माजलेलं असायचं. त्या बांडगुळाची फळं खाऊन राहणारा हा पक्षी जेमतेम अंगठ्याएवढा. दिसायचा क्वचित, कळायचा तो त्याच्या बारीक टिक-टिक आवाजावरून. यंदा त्या फांद्याच छाटून टाकल्या होत्या. म्हणूनच तर बारा वर्षं सावलीत असलेल्या या बाकावर आज त्यांच्या मांडीवर ऊन आलं होतं. नवऱ्याला ते दिसलं नव्हतं, त्यांचं डोकं वहीत होतं.

त्यांनी फक्त कॉफी पुढे केली.

बोलायचं तर दोन वर्षांपूर्वीच बोलायला हवं होतं. कानाशी डास गुणगुणला तरी यांची झोप मोडत नाही, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं होतं. माणसांचं बोलणं ऐकू यायचं, बसचा भोंगा ऐकू यायचा; बारीक आवाज तेवढे एकेक करून गेले होते. सुब्रह्मण्यरावांनी ते बायकोला सांगितलं नव्हतं, आणि आपल्याला कळलंय हे गोदाबाईंनी त्यांना सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात एवढी झाकपाक दोन्ही बाजूंनी चालतेच.

शिवाय पोंगलच्या चार दिवसांची पक्षिगणना म्हणजे रावांचा जीव की प्राण. निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी चोळपुरमच्या एका लेथवाल्याकडून पत्र्याचा ट्रेलर बनवून घेतला होता. आत दोन बाकडी, एक शेगडी आणि एक खिडकी. पुढे जुनी जीप, मागे हा डबा. लोक असली वाहनं घेऊन काश्मीरला जातात. ही जोडी कुंभकोणमहून निघायची, सुंदरपेरुमाळ कोयिलच्या शेतांजवळ दोन दिवस काढायची आणि मग स्वामीमलैपलीकडच्या या नदीकाठच्या बागेत येऊन टेकायची. घरापासून लांबात लांब म्हणजे दहा-बारा किलोमीटर! शेजारची शिवकामी निघताना हमखास म्हणायची, “मामी, आंघोळीला घरीच येऊन जा ना!”

गोदाबाईंना पक्ष्यांचं कौतुक बेताचंच होतं. पण त्या डब्यात शिरलं की नवरा शेगडी पुसायचा, अंथरुणं घालायचा, घरी जन्मात केलं नाही ते सगळं करायचा. त्या येत ते तेवढ्यासाठी, आणि दर वर्षी आनंदानं येत.

सुब्रह्मण्यरावांनी नोकरीची एकतीस वर्षं नदीचं पाणी मोजलं होतं. पात्रात रोवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय, ते रोज सकाळी सहाला बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं, हेच काम. एका पुरात ती पट्टीच बुडाली. साहेब म्हणाले, अंदाजानं काहीतरी लिहून टाका. यांनी ओळ कोरी ठेवली. त्या कोऱ्या ओळीपायी बढती दोन वर्षं लांबली, पण ती हकिकत सांगताना राव अजूनही ताठ बसत. आणि तोच माणूस आज न बघता, न ऐकता ‘एक’ लिहून मोकळा झाला होता. गोदाबाईंना आधी राग आला. मग त्यांनी आपल्या वाटची कॉफीही रावांच्या टंबलरात ओतली.

नऊच्या सुमाराला जननी स्कूटरवरून आली. कॉलेजात शिकवणारी ही मुलगी आसपासच्या सगळ्या याद्या गोळा करायची. उभ्याउभ्याच तिनं वही चाळली आणि तिचा चेहरा उतरला.

“फुलटोच्या आहे, सार?” तिनं तमिळमध्ये विचारलं. “पलीकडच्या तीन आंब्यांवरही पुढच्या आठवड्यात कोयता चालणार आहे. बांडगूळ काढलं तर हा पक्षी जाईल, असं मी बागेच्या समितीला लिहून दिलंय. ते म्हणाले, सुब्रह्मण्यरावांची यादी येऊ दे. छाटलेल्या झाडावर त्यांना पक्षी मिळाला, तर तुमचं म्हणणं खोटं. आता तुम्हीच लिहिलंय म्हणजे तो असणारच.”

सुब्रह्मण्यरावांनी आत्ता कुठे वर बघितलं. फांद्यांच्या छाटलेल्या तोंडांना डांबर फासलेलं होतं.  त्यांचा कॉफीचा टंबलर हातातल्या हातात कलंडला, ते त्यांना कळलं नाही.

गोदाबाईंना राहवलं नाही. “माझीच चूक,” त्या घाईनं जननीला तमिळमध्ये म्हणाल्या. “मीच त्यांना सांगितलं, आवाज आला म्हणून. मला काय कळतंय पक्ष्यांतलं!”

“गोदा,” राव आपल्या घरच्या मराठीत म्हणाले, “माझ्यासाठीं लटिकें बोलूं नोको.”

मग ते जननीकडे वळले आणि तिला समजेल अशा तमिळमध्ये एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “मी ऐकलेला नाही. दोन वर्षं झाली, मला बारीक आवाज येत नाहीत. सवयीनं लिहून गेलो. हे काम आता दुसऱ्या कुणाला तरी दे.”

त्यांनी टोपण काढलं, फुलटोच्याच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली. नोकरीत खाडाखोड झाली की करत, अगदी तशीच.

 जननीनं वही मिटली आणि अलगद त्यांच्याच हातात परत दिली. “संध्याकाळी न्यायला येते, सार,” एवढंच म्हणून ती पुढच्या गावाला गेली.

स्कूटर दिसेनाशी झाल्यावर गोदाबाई म्हणाल्या, “मज कळलें होतें. दोन वर्षें झालीं.”

“मग बोललीस कां नाहीं?”

“तुम्ही सांगाल म्हणूनु बसलें.” त्यांनी पदर खोचला. “उठा आत्तां. त्या तीन अंब्यांचें कोण पाहणार? उद्यां काणुम पोंगल. सगळा गांव जेवणाचे डबे घेऊनु येथें येईल, मग काय आइकून येतें?”

दोघं पलीकडे गेली. पहिल्या आंब्याखाली काही नाही. दुसऱ्याखाली खारींचा दंगा. तिसऱ्याखाली गोदाबाई एकदम थांबल्या. वर बांडगुळाच्या दाट झुबक्यात कुणीतरी बारीक, थांबून थांबून वाजवावं तसं टिक-टिक, टिक-टिक.

“अहे,” त्या हळूच म्हणाल्या.

रावांनी दुर्बीण लावली. एकेक फांदी शोधली. मान अवघडली, डोळ्यांना पाणी आलं. “दिसेना.”

“पण अहे! लिहा तुम्ही.”

“मी पाहिलें नाहीं, आइकलें नाहीं. मी कसा लिहूं?” त्यांनी वही उघडून बायकोपुढे धरली आणि पेन तिच्या हातात दिलं. “तूं लिही. जो आइकतो त्यानें लिहायचें.”

आजवर गोदाबाईंनी वाणसामानाच्या चिठ्ठ्यांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. रेघ मारलेल्या ओळीच्या खाली त्यांनी मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं, ‘तिसरा अंबा. फुलटोच्या, एक.’ शेजारी सही लागते हे त्यांनी बघितलं होतं. त्यांनी आपलं नाव घातलं. आपलीच सही बघून त्यांना हसू आलं.

तेवढ्यात वरून पुन्हा आवाज आला.

“आत्तां?” रावांनी विचारलं.

गोदाबाईंनी होकारार्थी मान डोलावली. सवयीनं रावांचा हात कानामागे गेला होता. तो त्यांनी सावकाश खाली घेतला आणि दुर्बीण गळ्यात सोडून दिली. पुढची टिक-टिक कधी होते ते कळावं म्हणून झाडाकडे न बघता ते बायकोच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.