चंद्रीचं पोट आणि मी

मी एक जुना वॉटर बाथ आहे. कोल्हापूरजवळच्या एका प्रयोगशाळेत मला सगळे ‘खोटं पोट’ म्हणतात. घाबरू नका, मित्रांनो! मी म्हणजे फक्त गरम पाण्याचं टाकं. गाईच्या पोटात असते तेवढी ऊब मी धरून ठेवतो. माझ्यात काचेच्या नळ्या उभ्या करतात. नळीत चिमूटभर दळलेला चारा आणि गाईच्या पोटातला रस. दोन दिवसांनी जे विरघळलं ते पचलं, असं धरायचं.

तो रस चंद्री गाय देते, आणि तिथंच माझा जळफळाट होतो. रस काढता यावा म्हणून तिच्या कुशीला झाकणाची खिडकी बसवली आहे. पाहुणे तिच्याबरोबर फोटो काढतात. मी नवा होतो तेव्हा माझंही कौतुक झालं. आता माझ्यावर चहाचे कप ठेवतात.

यंदा बेंदराला, गुराढोरांच्या सणाला, चंद्रीची शिंगं रंगवली. वसाहतीतल्या घराघरांतून तिला नैवेद्याची पुरणपोळी भरवली. मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून बघत बसलो.

दुसऱ्याच दिवशी मुरगूडच्या आक्काताईंचा नमुना माझ्यात आला. उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, खड्ड्यात दाबून त्यांनी मुरघास केला होता. तो कुजलाय, उकिरड्यावर टाका, असं सासरे म्हणत होते. निकाल आला: जवळजवळ काहीच पचलं नाही.

“म्हंजे मामांचंच खरं?” आक्काताईंचा चेहरा उतरला.

“हे टाकंच म्हातारं झालंय. भंगारात काढू,” संशोधक संयोगिता मॅडम म्हणाल्या. माझं पाणी थंड पडायचं बाकी होतं! पण मग त्यांनी शेजारची नळी पाहिली. तिच्यात नेहमीचा, पारखलेला कडबा होता. तोही पचला नव्हता. माझी ऊब मोजली तर ती बरोबर, म्हणजे खोट रसात होती.

“जोतीराम, चंद्रीला काय घातलं होतं?”

“बेंदूर होता की मॅडम! सणाला तिला नुसता कडबा घालू व्हय?” गोठा सांभाळणारा जोतीराम म्हणाला.

पुरणपोळीच्या गोडानं चंद्रीच्या पोटातला रस आंबला होता; आंबट रसात चारा पचत नाही. चंद्रीला नेहमीच्या चाऱ्यावर आणून पुन्हा चाचणी केली. मुरघास छान पचला.

“माझ्या म्हशींस्नी पोटभर घालते आता!” आक्काताई म्हणाल्या. “कुटं हाय ती गाय?” आणि गोठ्यात जाऊन त्या चंद्रीच्याच पाया पडल्या. जिनं माझं नाव घालवलं, तिच्या!

मित्रांनो, मला नैवेद्य नको. माझं पाणी बदला, तळाचा क्षार खरवडा. चंद्रीला तहान लागली की ती हंबरते आणि जोतीराम धावतो. माझं पाणी आटलं, तर मला हंबरता येत नाही.